बिल्टी, ताडपत्री आणि आम्ही
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी आम्हाला निरोप पाठविला की, यंदा मुलांसमोर कोणी साहेब किंवा पुढारी न बोलावता आपल्यातल्याच एखाद्या जुन्या कामगाराने बोलावे. आम्ही त्यांना म्हटले, आमच्याजवळ सांगण्यासारखे काय आहे? सगळे आयुष्य ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये गेले. ते म्हणाले, तेच सांगा. म्हणून आज उभे आहोत. बोलण्याची सवय नाही, माल मोजण्याची आहे. काही चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

एक खुलासा आधीच करतो. आम्ही ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा आमच्या वस्तीतले पाच-सहा जण समजावेत. आम्ही बरोबरच कामाला लागलो आणि थोड्याफार फरकाने बरोबरच म्हातारे झालो. त्यातले दोघे आता नाहीत. काही ठिकाणी गोष्ट एकट्याची आहे. तिथेही तोंडात ‘आम्ही’च येईल. पोते एकट्याने उचलता येत नाही, दुसऱ्याने पाठीवर द्यावे लागते. तेव्हापासूनची ही सवय आहे.

१९६६ साली आम्ही मॅट्रिक झालो. त्याकाळी मॅट्रिक म्हणजे अकरावी. वस्तीत पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या आठवड्यात आम्ही चुलत्याबरोबर हमालीला गेलो. नोकरीसाठी अर्ज केले होते, उत्तरे आली नव्हती, आणि घरात खाणारी तोंडे सात होती. पुण्याच्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत तेव्हा भुसार बाजार होता. तो पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. भुसाराच्या आसऱ्याने ट्रान्सपोर्टची ऑफिसे होती. पुढे एक टेबल, एक गादी, भिंतीला टांगलेल्या बिल्ट्यांच्या तारा आणि मागे लांबच लांब अंधारे गोडाऊन. रस्ते बैलगाडीच्या काळातले, त्यात ट्रक मागे घ्यायचा. क्लीनर मागे उभा राहून पत्रा बडवायचा, ‘आने दो, आने दो’, आणि ट्रक भिंतीपासून चार बोटांवर थांबायचा. आज मोटारीला कॅमेरा असतो. तेव्हा तो क्लीनरच्या घशात होता.

हमालाची हत्यारे तीन. लोखंडी आकडा, डोक्यावरची चुंबळ आणि खांद्यावर टाकायला जुन्या पोत्याचा तुकडा. धान्याचे पोते शंभर किलोचे. ट्रकच्या फाळक्यापासून जमिनीपर्यंत फळी लावलेली असे. ती ओझ्याखाली लवते, म्हणून पावले तिच्या तालावर टाकावी लागतात. ताल चुकला तर माणूस खाली आणि पोते त्याच्यावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की, प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचे ओझे ५५ किलोच्या वर असू नये. आम्हाला ही गोष्ट निवृत्तीनंतर एका पुस्तकात वाचून कळली. ज्या साली ते ठरले त्या साली आम्ही क्विंटलाची थप्पी आठव्या थरापर्यंत लावत होतो.

गोडाऊनमध्ये आमच्या आयाबहिणीही होत्या. फाटलेली पोती दाभण-सुतळीने शिवायची, सांडलेले धान्य झाडून गोळा करायचे, चाळायचे, निवडायचे. मातीत मिसळलेली झाडण त्यांना घरी न्यायला मिळे. आमची आई तेच करी. आमच्या लहानपणीच्या भाकरीत खडा लागे तो या झाडणीतला. त्या बायांचे नाव कोणत्याच मस्टरवर नव्हते.

आता पाण्याचे सांगतो, कारण विद्यार्थी नेहमी विचारतात की, शहरात तसले काही नव्हते ना? आमच्या पहिल्या ऑफिसात दोन माठ होते. एक आत, गादीजवळ, पितळी भांडे ठेवलेला. दुसरा बाहेर फाळक्याच्या फळ्यांजवळ, त्याला पत्र्याचे टमरेल. कोणी कोणाला ‘तू तिकडचे पी’ असे म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती. शिवाय माल वाटलेला होता. कातडी, हाडांचा भुगा, कोळसा, मीठ आले की मुकादम आमच्या टोळीला हाक मारी. गूळ, तूप, किराणा आला की दुसऱ्या टोळीला. मजुरी चांगली किराण्याला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हमालांना एकत्र आणले होते आणि १९७२च्या सुमारास त्यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीमही काढली. खेड्यातल्या विहिरीची ती गोष्ट ऐकून आमच्या टोळीतल्या एकाने एके दिवशी काही न बोलता बाहेरचा माठ उचलून आतल्या माठाशेजारी नेऊन ठेवला. दिवाणजींनी चष्म्यावरून पाहिले. शेठ आले, त्यांनीही पाहिले. ते काही बोलले नाहीत, तोही काही बोलला नाही. महिनाभराने एकच माठ राहिला. हे आंदोलन वगैरे म्हणता येणार नाही, पण माठ एक झाला हे खरे.

मॅट्रिक झालेला हमाल हे दिवाणजींच्या लक्षात दोन वर्षांनी आले. कापडाच्या गाठींवरचे मार्के वाचताना एकदा घोळ झाला, सोलापूरची गाठ साताऱ्याच्या ट्रकमध्ये चढू लागली, आणि खालून आम्ही ओरडलो. दिवाणजींनी हाताला कागद दिला, म्हणाले, लिहून दाखव. अक्षर पाहिले आणि सोमवारपासून बिल्टीच्या टेबलावर बसविले. पाठीवरचे पोते उतरले. पगार मात्र हमालीपेक्षा कमीच होता. आई म्हणाली, पाठ वाचली ना, मग झालं.

बिल्टी म्हणजे काय ते आजच्या मुलांना माहीत नसेल. माल पाठविणाऱ्याला मिळणारी ती पावती. तीत माल कोणाचा, कोणाला, किती नग, काय मार्का, वजन किती, भाडे किती, भाडे भरले की पोहोचल्यावर घ्यायचे, हे सर्व लिहायचे. एकावर एक कार्बन घालून चार-पाच प्रती काढायच्या. वरची प्रत माल पाठविणाऱ्याला. तो ती टपालाने किंवा बँकेमार्फत पुढच्या व्यापाऱ्याला पाठवी आणि ती दाखविल्याशिवाय माल सुटत नसे. म्हणजे ट्रकमध्ये साखर जायची, पण साखरेची मालकी टपालाच्या पाकिटातून जायची. एक आकडा चुकला तर दोन गावचे व्यापारी भांडत. म्हणून दाबून लिहायचे, खालच्या प्रतीपर्यंत उमटले पाहिजे. आमच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अजून घट्टा आहे.

बिल्टीवर बारीक अक्षरात छापलेले असे, ‘माल मालकाच्या जोखमीवर’. कायदा मात्र वेगळे सांगे. १८६५ सालचा वाहतूकदारांचा कायदा होता, तो २००७च्या नव्या कायद्यापर्यंत चालला. त्यात माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराचा हलगर्जीपणा व्यापाऱ्याने सिद्ध करावा लागत नसे. म्हणजे साखरेच्या पोत्यासाठी शंभर वर्षांचा जुना आणि पक्का कायदा होता. हे लक्षात ठेवा, पुढे याचे काम आहे.

गाड्या त्याकाळी टाटा-मर्सिडीज, बेडफर्ड, लेलँड, फार्गो. कंपनीतून नुसती शासी यायची. केबिन आणि हौदा इकडे सुतार-लोहार बांधायचे. लाकडी केबिन, इंजिन मांडीला लागून, उन्हाळ्यात आत भट्टी. मुंबईची गाडी रात्री नऊला सुटे. लोणावळा, खंडाळा, बोरघाट, खोपोली, पनवेल. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. त्याआधी पनवेलहून मुंब्र्यावरून ठाण्याला वळसा घालून जावे लागे. उजाडता मस्जिद बंदर. आम्ही वसुलीच्या कामाला महिन्यातून दोनदा जात असू. घाटात शिंग्रोबाच्या देवळाशी ड्रायव्हर न थांबता खिडकीतून नाणे टाकी. शिंग्रोबा म्हणजे इंग्रजांना घाटाची वाट दाखविणारा धनगर, अशी गोष्ट सांगतात. वाट दाखविणाऱ्याचे पुढे काय झाले तेही त्या गोष्टीत आहे, ते तुम्ही घरी विचारा. तो घाट आता ओळखू येत नाही. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि १८३० सालचा अमृतांजन पूल २०२० साली पाडला.

ढाब्यांबद्दल एक चांगली गोष्ट सांगितलीच पाहिजे. रस्त्यावर जात कोणी विचारीत नसे. सरदारजी, भय्या, आमचा मराठा ड्रायव्हर आणि आम्ही, एकाच बाजेवर बसून एकाच ताटातली डाळ खाल्ली आहे. तोच ड्रायव्हर पुण्यात परतल्यावर आमच्या घरी चहा घेत नसे. माणूस तोच, आम्हीही तेच. रस्त्यावर एक आणि पेठेत दुसरे, असे आमच्या पाहण्यातले बरेच आहेत.

१९७२चा दुष्काळ ट्रकवाल्यांनी जसा पाहिला तसा फार थोड्यांनी पाहिला असेल. रेल्वेच्या मालधक्क्यावर परदेशी लाल मिलो येई. ती भरून दौंड, बारामती, नगरकडच्या तालुक्यांना न्यायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे. गाडी रिकामी झाली की बाया पदर पसरून हौद्याजवळ येत. फळ्यांच्या फटीत अडकलेले दाणे त्या काडीने काढीत. आमच्या ड्रायव्हरचा नियम होता, बाया खाली उतरेपर्यंत गाडी चालू करायची नाही. एकदा शेठनी उशिराचे कारण विचारले. ड्रायव्हर म्हणाला, पंक्चर. आम्ही ट्रिपशीटवर पंक्चर लिहिले. खोटे लिहिण्याचा तो आमचा पहिला प्रसंग आणि त्याची आम्हाला आजही लाज वाटत नाही.

दुसऱ्या प्रसंगाची वाटते. तो सांगण्यासाठीच खरे तर आलो आहोत.

१९७४च्या मे महिन्यात रेल्वेचा मोठा संप झाला. वीस दिवस मालगाड्या अडल्या आणि ट्रकवाल्यांचे दिवस पालटले. शेठच्या तीन गाड्या होत्या, त्या दोन वर्षांत सात झाल्या. कागदावर मात्र त्या शेठच्या, त्यांच्या पत्नीच्या, भावाच्या आणि मेव्हण्याच्या नावावर वेगवेगळ्या होत्या. कारण १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होई. आठ तासांचे काम, आठवड्याची सुटी, जादा कामाचा मोबदला, सगळे त्यात होते. नावे तोडली की कायदाही तुटत असे. ही तोडलेली नावे वेगवेगळ्या रजिस्टरांत लिहिणारा हात आमचाच.

आणखी एक पद्धत होती. ड्रायव्हरला खेपेमागे ठरावीक डिझेल मिळे. वाचले तर त्याचे, कमी पडले तर त्याच्या खिशातून. म्हणून घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची, कोणी कोणी इंजिनच बंद करायचे. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उतरविली तर इंजिन तिला धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापले की लागत नाहीत. अशा वेळी क्लीनरने लाकडाचा ठोकळा घेऊन चालत्या गाडीतून उडी मारायची आणि तो चाकाखाली टाकायचा. हे क्लीनरचे रोजचे काम होते, संकटकाळचे नव्हे. चढावर गाडी थांबली तरी तेच.

१९७६च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक पोरगा, वय सोळा-सतरा, असाच उतरला. त्याचे नाव घेत नाही, त्याच्या घरचे आपल्यातच आहेत. त्याला कामाला लावा म्हणून शब्द आम्हीच टाकला होता. रस्ता ओला होता. ठोकळा चाकाखाली गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा पायही. गाडी थांबली. ड्रायव्हर वाचला, माल वाचला. पोरगा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला.

चौथ्या दिवशी दिवाणजींनी आम्हाला आत बोलाविले. ट्रिपशीट पुढे ठेवले. त्यावर आमच्या अक्षरात ड्रायव्हरचे नाव, खाली क्लीनरचे नाव आणि त्याच्या भत्त्याचा आकडा होता. दिवाणजी म्हणाले, “हे फाटलंय, नवीन लिही.” कागद कुठेही फाटलेला नव्हता. आम्ही विचारले, क्लीनर? ते म्हणाले, “क्लीनर ड्रायव्हर आपला आपण आणतो, कंपनीचा नसतो. तुला माहीतच आहे.” आमच्या घरी तेव्हा दोन लेकरे होती, धाकटे अंगावरचे. शेठने आम्हाला कधी शिवी दिली नव्हती, सणाला कापड दिले होते. हे सगळे कारणे म्हणून सांगत नाही, डोक्यात जे होते ते सांगतो. आम्ही नवीन कोरा कागद घेतला आणि लिहिले. क्लीनरची ओळ सोडली. शाई वाळेपर्यंत दिवाणजींनी जुना कागद काडीने पेटवून दिला.

१९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा होता. कामावर मृत्यू आला तर मालकाने भरपाई द्यायची, मालकाची चूक दाखवावी लागत नसे. पण मेलेला माणूस त्या मालकाच्या कामावर होता, हे तर दाखवावे लागे ना. कोणीतरी सांगितल्यावरून पोराच्या आईने दावा लावला. कंपनीने सांगितले, हा आमचा माणूस नव्हे, आणि ट्रिपशीट दाखल केले. ड्रायव्हर साक्षीला आलाच नाही, तो दुसऱ्या गाडीवर इंदूरला गेला होता. दावा गेला.

मावशींना अक्षरओळख नव्हती. वस्तीत काही कागद आला की वाचून घ्यायला सगळे आमच्याकडे येत. तशाच त्या आल्या. वकिलाने दिलेल्या कागदांची चळत पदराखालून काढली आणि म्हणाल्या, “बाबा, यात काय लिवलंय ते वाच की. माझ्या लेकाचं नाव कुठं हाय ते दाव.” वर निकाल होता, खाली ट्रिपशीटची नक्कल. आम्ही सगळे वाचून दाखविले. गाडीचा नंबर, ड्रायव्हर, माल, नग, वजन, निघण्याची वेळ. लेकाचे नाव नव्हते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि गेल्या.

साखरेच्या पोत्यासाठी काय कायदा होता ते मघाशी सांगितले. त्या गाडीतल्या मालाच्या पाचही प्रती शाबूत होत्या.

१९७७ साली आम्ही ती नोकरी सोडली. फार मोठे धैर्य केले असे समजू नये, दुसरीकडे जागा मिळाली तेव्हाच सोडली. नव्या ठिकाणी आम्ही एक गोष्ट केली. ट्रिपशीट लिहिताना कार्बन एक जास्त लावू लागलो. ती खालची, फिक्की प्रत गाडी सुटायच्या आत क्लीनरच्या घरी जायची. आमच्या टोळीतले हमाल जाता-येता पोहोचवीत. आणि एका वहीत तारीख, गाडीचा नंबर, ड्रायव्हर, क्लीनर लिहून ठेवायचे. वही गोडाऊनमध्ये नाही, घरी. नव्या शेठला हे कळले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की, जादा कार्बनचा खर्च कोणाचा? आम्ही म्हटले, आमचा. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. १९८३ साली एका क्लीनरचा हात फाळक्यात चिरडला, तेव्हा ती फिक्की प्रत कामाला आली. दोन वर्षे लागली, पण पैसे मिळाले. वही मात्र एकदाही कोर्टात गेली नाही.

मावशींना आम्ही खरे सांगितले ते १९८७ साली, अकरा वर्षांनी. त्या आजारी होत्या. सांगितल्यावर बराच वेळ त्या वर आढ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “मला तवाच कळलं हुतं. दुसऱ्याचं अक्षर वाचताना तू अडखळतुस. त्या दिशी एकदाबी अडखळला न्हाईस.” आम्ही विचारले, मग तेव्हा का नाही बोललात? त्या म्हणाल्या, “तुझी बी लेकरं लहान हुती.” आणि पाणी मागितले.

आमच्या धंद्यातले बरेच काही आता संपले आहे. नाक्यावर रात्र काढायला लावणारी पुण्याची जकात २०१३ साली गेली, मुंबईची १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली. बिल्टीबरोबर संगणकावरचे ई-वे बिल लागते, टोलला फास्टॅग लागतो, २०२५पासून नव्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. ऐकून बरे वाटते. आमच्या ओळखीचा एक मुलगा अशाच नव्या गाडीवर जातो. परवा त्याला विचारले, दुसरा माणूस असतो का गाडीवर? म्हणाला, असतो कधी कधी, पण त्याचे ॲपमध्ये नाव नसते.

वही आज सोबत आणली आहे. १९७७ ते १९९८ अशी एकवीस वर्षांची आहे. तिच्या पहिल्या पानावर १९७६ची एक ओळ नंतर लिहिलेली आहे. त्या जळालेल्या कागदावर होते तसेच सगळे लिहिले आहे, भत्त्याच्या आकड्यासकट. संस्थेच्या वाचनालयात ती ठेवून घ्यावी असे चिटणीसांना सांगितले आहे. कार्यक्रम झाल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी टेबलापाशी यावे. पाने जुनी झाली आहेत, सावकाश उलटावीत. जयभीम.